उत्तरेकडं डोकं

न्हाऊ घालायला येणाऱ्या चिमणाबाईचं बोट बाळाच्या तोंडात गेलं आणि दानेश्वरी तोंडावर पदर दाबून मोरीच्या उंबऱ्यावरच खाली बसली. ओली बाळंतीण, चक्कर आली असेल, असं सगळे धरून चालले. चक्कर वगैरे काही नव्हती. किळस होती, निव्वळ किळस. तेच बोट चिमणाबाईनं नुकतंच हिच्या डोळ्यांदेखत मिश्रीच्या डबीत बुडवलं होतं, हिरड्यांवरून घोळवून घोळवून फिरवलं होतं, मोरीत तपकिरी पिंक टाकली होती आणि बोट लुगड्याला पुसून ती पाटावर येऊन बसली होती. आता त्याच बोटानं ती पोराची तोंडातली टाळू वर लोटत होती. टाळू उचलली की पोर दूध ओकत नाही, असं तिचं शास्त्र. पोर ओकलं नाही हे खरं, त्याची आईच ओकायची तेवढी बाकी राहिली.

पण बोलायची सोय नव्हती. दानेश्वरी शिरोळची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली, घरात वडील आणि एक भाऊ. तिथं बाळंतिणीला कोण सांभाळणार? म्हणून सासूनं, रत्नव्वांनी, ते आपल्याकडं मंगळवार पेठेतच करायचं ठरवलं आणि केलंही मनापासून. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेगडीवर ओव्याची नि वेखंडाची धुरी, कशात म्हणून कसूर ठेवली नाही. मात्र एवढं केल्यावर बाळाच्या बाबतीत शब्दही त्यांचाच चालणार, हे ओघानंच आलं. नवरा शिवकुमार सकाळी लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात जायचा तो जेवायलाच परत यायचा. आल्यावर पोराला उचलून "काय म्हणतोय आमचा आप्पा" एवढं विचारलं की त्याचं बापपण संपायचं.

आणि चिमणाबाई म्हणजे रत्नव्वांचा देवच. पेठेतली निम्मी बाळं तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातलेली आणि त्यांची डोकी वळलेली. रस्त्यानं जाताना ती दाखवायची, "त्यो स्कूटरवाला दिसला का, त्ये डोस्कं माझं." नगरसेवकाचं डोकं तिचं, बँकेतल्या साहेबाचं तिचं, तालमीतल्या पैलवानांची तर तिचीच. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं डोकं मागून फळीसारखं सपाट होतं. ते आपल्या हातचं नव्हे, हे ती कुणी न विचारताच सांगायची.

या बाईच्या हातात आपलं पोर रोज जातं, या विचारानंच दानेश्वरीला सकाळ नकोशी वाटायची. चिमणाबाई बाळाला पायांवर घ्यायची, तेलानं माखायची, हातपाय पीठ मळावं तसे मळायची. मग नाकाला तोंड लावून शेंबूड ओढायची आणि मोरीत थुंकायची. त्या वेळी दानेश्वरी भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. रत्नव्वा म्हणायच्या, "आईच्या जातीला असली घाण वाटून चालत न्हाय." दानेश्वरीला आपल्या पोराची घाण कधीच वाटली नव्हती. त्याचं दुपटं ती हसत धुवायची.

दोन हजार एकचा उन्हाळा होता तो. एका दुपारी अमरेशला खांद्यावर घेऊन थोपटताना तिचा तळवा त्याच्या डोक्यामागं थबकला. उजवीकडं गोलाई लागायच्या जागी सपाट लागत होतं. तिनं त्याला मांडीवर घेऊन वरून पाहिलं. डोकं एका अंगाला चेपलेल्या डब्यासारखं दिसत होतं आणि उजवा कान डाव्यापेक्षा पुढं सरकला होता. इतके दिवस आपल्याला दिसलं कसं नाही, याचीच तिला लाज वाटली.

रत्नव्वांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मोहरीची उशी घालतो, आनि चिमणाबाईला सांगतो. ती वळंल."

दुसऱ्या दिवसापासून चिमणाबाई वळायला लागली. दोन्ही तळवे डोक्याच्या दोन बाजूंना लावून ती दाबायची, तोंडानं "गोल गोल बाबाचं डोस्कं" असं काहीतरी गुणगुणायची, आणि अमरेश रडून रडून काळानिळा व्हायचा. त्याचा श्वास अडकला की ती क्षणभर थांबायची आणि पुन्हा दाबायची. शेजारणी बघायला यायच्या. येणारी प्रत्येक बाई आपलाही हात त्या डोक्यावरून फिरवायची. कुणाच्या हाताला कांद्याचा वास, कुणाच्या हाताला तंबाखूचा. "बसलंय की गं एका बाजूनं," असं पोराच्या तोंडावर म्हणायचं आणि चहा पिऊन जायचं. दानेश्वरीला त्या सगळ्या हातांचा वीट आला होता.

लशीचं निमित्त काढून ती शिवकुमारला घेऊन राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाईंनी अमरेशची मान दोन्हीकडं वळवून पाहिली, डोकं वरून पाहिलं, कान पाहिले आणि विचारलं, "झोपतो कुठं? खोलीचं दार कुठल्या बाजूला?"

दानेश्वरीनं सांगितलं. पाळणा मधल्या खोलीत, कडीला टांगलेला. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. उजव्या हाताला दार, डाव्या हाताला भिंत.

"मग तो दाराकडंच बघणार," बाई म्हणाल्या. "उजेड तिकडं, माणसं तिकडं. भिंतीकडं कोण बघतंय? दिवसभर उजव्या अंगावर डोकं टेकून टेकून ते बसलंय. दाबून काही होत नाही. दाबायचं बंदच करा. हाड मऊ आहे म्हणून बसलं आणि मऊ आहे म्हणूनच सुधारेल. फक्त पाळण्यात उलटा झोपवा. पाय असतात तिकडं डोकं करा. दार डाव्या हाताला आलं की मान आपोआप तिकडं वळेल. झोपवायचा उताणाच, पण जागा असेल तेव्हा पालथा घाला आणि समोर बसा. उशी काढून टाका."

"आनि न्हाय केलं तर?" दानेश्वरीनं विचारलं.

"आत्ता केलं तर बरंचसं भरून येईल. रांगायला, चालायला लागला की हाड घट्ट होत जातं. मग कान पुढं, कपाळ वाकडं, असाच राहायचा."

'असाच राहायचा' हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. शाळेत मास्तर हजेरी घेतील आणि मागच्या बाकावरची पोरं त्याला काय नाव ठेवतील, ते तिला आत्ताच ऐकू यायला लागलं. शिवकुमार दवाखान्यात "हो डॉक्टर, बरोबर डॉक्टर" करत मान डोलवत होता. येताना स्कूटरवर तो म्हणालाही, "आजच उलटा निजवू."

घरी रत्नव्वांनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "उलटा म्हंजे? डोस्कं उत्तरेला?"

"व्हय, आत्ती."

"मड्याचं डोस्कं उत्तरेला करत्यात, दानू. जित्या पोराचं करायचं? त्या डॉक्टरणीला विचार, तिनं आपल्या पोराला निजवलंतं का तसं."

दानेश्वरीनं धीर धरून म्हटलं, "आपल्यात माणूस गेलं की बसवून समाधी देतात, आत्ती. त्याचं डोकं उत्तरेलाबी नसतं आनि दक्षिणेलाबी नसतं. मग आपल्याला काय त्याचं?"

रत्नव्वांनी सूप पुन्हा उचललं. लिंगायताच्या घरात जन्म गेला, पण हे कधी त्यांच्या मनात आलं नसावं. मग त्या म्हणाल्या, "ते मेल्यावरचं. जित्तेपनी पेठेत राहतोय न्हवं आपण? पेठेत करत्यात तसं करायचं. शालूबाईनं बघितलं तर काय म्हनंल?"

शालूबाई म्हणजे शेजारच्या हंबीररावांची बायको. म्हणजे ही भीतीसुद्धा घरची नव्हती, शेजारून आणलेली होती. मागून आणलेली भीती इतकी जिवापाड जपायची आणि पोराचं डोकं तेवढं चेपू द्यायचं, या शहाणपणाची दानेश्वरीला शिसारी आली. पाळणा आडवा टांगावा तर खोलीला तेवढी रुंदी नव्हती. पुढची खोली येणाऱ्या-जाणाऱ्यांची, मागं स्वयंपाकघराचा धूर. सगळं उत्तर-दक्षिणेवर येऊन अडलं होतं.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो ताटावर बसला होता. आमटीत भाकरी कुस्करत, बोटं चाटत, वर न बघता तो म्हणाला, "आईनं तीन पोरं वाढवल्यात. तिला कळतंय की." स्कूटरवरचा माणूस आणि हा माणूस एकच आहे यावर तिचा विश्वास बसेना. तो भराभरा जेवत राहिला, आणि त्याच्या त्या मचमच आवाजानं तिला समोरचं ताट बघवेना.

मग तिनं आपल्यापुरता मार्ग काढला. रत्नव्वा रोज दुपारी शालूबाईंकडं टीव्हीवरच्या मालिका बघायला जायच्या. एका सुनेला सासू कशी छळते, ते बघून त्या डोळे पुसत परत यायच्या. त्यांची पाठ वळली की दानेश्वरी मोहरीची उशी बाजूला काढायची, अमरेशला उचलायची आणि पाळण्यात उलटा निजवायची. ती बी. कॉम. झालेली, डॉक्टरीणबाईंवर पूर्ण भरवसा ठेवणारी. तरी पहिल्या दुपारी त्याचं डोकं उत्तरेला टेकवल्यावर तिनं त्याच्या नाकापुढं हात धरून श्वास चालतोय का ते पाहिलं. मग स्वतःचाच राग आला. हे सगळं आपल्याही अंगात मुरलेलं आहे तर, असं तिला वाटलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

अमरेशनं मात्र कसलीच खळखळ केली नाही. डोळे उघडले, उजवीकडं भिंत दिसली, आणि त्यानं सरळ मान डावीकडं दाराकडं वळवली. तिथून पुढं ती मिळेल तेव्हा हेच करायची. थोडासा वेळ मिळाला तरी चटईवर पालथा घालायची आणि समोर वाटी वाजवायची. दूध पाजताना कूस बदलायची. कडेवर घेताना हात बदलायची. मालिका संपायच्या आत पोर पुन्हा सरळ, उशी पुन्हा डोक्याखाली.

एका दुपारी ती चटई झटकत होती आणि दारात चिमणाबाई उभी राहिली.

"डबी ऱ्हायली माझी मोरीत," ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष पाळण्याकडं गेलं. "आक्काला ठावं हाय?"

"न्हाय."

"कवापास्नं चाललंय?"

"झाले बरेच दिवस."

चिमणाबाई पाळण्याशी आली. पोराच्या डोक्यामागं हात घालून तिनं भोपळा चाचपावा तसं चाचपलं. "भरतंय की," ती पुटपुटली. तिला ते आवडलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मोरीतून डबी आणून ती भिंतीला टेकून बसली आणि मिश्री लावायला लागली. दानेश्वरीनं तोंड फिरवलं.

"म्या आक्काला सांगिटलं तर?" चिमणाबाई तोंडातल्या बोटासकट म्हणाली.

"माझं व्हायचं ते होईल. पोराचं डोकं मात्र तसंच राहील."

"आनि पेठेत माझं नाव जाईल. चिमणाबाईनं वळलं ते ऱ्हायलं, आनि सुनंनं उलटं निजवलं तर गोल झालं, आसं म्हनतील लोकं." ती पिंक टाकून आली. "मी न्हाय सांगत कुनाला. पर डोस्कं गोल झालं तर त्ये म्या केलं. तू सोताच्या तोंडानं सांगायचं, कुनीबी इचारलं तरी."

"चालेल. पण आजपासून डोकं दाबायचं न्हाय. नुसता हात फिरवायचा. आनि तोंडात बोट घालायचं न्हाय."

"आक्का बगत आसली तर दाबल्यागत करतो."

"आनि न्हाय झालं गोल तर?"

"तर आईच्या वळनावर गेलं म्हनायचं," चिमणाबाई म्हणाली. हे उत्तर तिच्याकडं तयारच होतं.

असा तो सौदा ठरला. सौदा करताना दानेश्वरीला आपल्या अंगाला काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटलं. तिनं मोरीत जाऊन हातपाय धुतले. पण नाव कुणाचं का होईना, डोकं तर पोराचं होतं. त्या हिशेबानं ते तिला फार महाग वाटलं नाही.

पावसाळा सरता सरता अमरेश उठून बसायला लागला. मागची सपाटी भरत आली, कानाला कान जुळत आला. बघणाऱ्याला आता सांगूनही कळलं नसतं. रत्नव्वा हरखून गेल्या. पोराला उष्टावायच्या दिवशी त्यांनी चिमणाबाईला इरकल लुगडं नेसवलं आणि हळदीकुंकू लावायला सुनेला पुढं केलं. दानेश्वरीनं लावलं. बायका एकेक करून अमरेशच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि चिमणाबाई त्यांना आपण कसं वळलं ते हातवारे करून सांगत होती. कुठं अंगठा ठेवला, कुठं तळव्याचा जोर दिला. सांगता सांगता तिला ते स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. दानेश्वरी ऐकत होती, आणि पानातलं गोड तिनं तसंच बाजूला सारलं. पण पोर मांडीवर होतं, त्याचं डोकं तिच्या तळव्यात गोल लागत होतं.

पुढं दिवाळी झाल्यावर शालूबाईंची लेक स्नेहल बाळंतपणाला आली. साताऱ्याला दिलेली, दानेश्वरीपेक्षा लहान, तिला "वैनी वैनी" करत मागं मागं असणारी पोरगी. गच्चीवर धुणं वाळत घालताना दोघींच्या गप्पा व्हायच्या. स्नेहलला मुलगी झाली. होताना अडकली होती, म्हणून डोकं जरा वर लांबट आलेलं.

एका सकाळी शालूबाई लेकीला आणि नातीला घेऊन रत्नव्वांच्या पुढच्या खोलीत आल्या. चिमणाबाई तिथं बसलेलीच होती. शालूबाई म्हणाल्या, "बाई, आमचं एवढं हातात घ्या. तुमच्या हाताचा गुण सगळ्या पेठंनं बघितलाय."

स्नेहलनं बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. "डॉक्टर म्हणालेत डोकं दाबायचं न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "आपोआप होतं म्हणालेत."

"डॉक्टरला काय जातंय सांगायला," शालूबाई म्हणाल्या. "ह्या अमरेशचं बघितलंस न्हवं कसं होतं ते? आनि आता बघ."

स्नेहलनं दानेश्वरीकडं पाहिलं. दानेश्वरी आतल्या दारात अमरेशला कडेवर घेऊन उभी होती. "वैनी, तुम्ही सांगा," स्नेहल म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं मी ऐकत न्हाय. अमरेशचं खरंच ह्यांनी केलं का?"

खोलीतल्या सगळ्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या. चिमणाबाईही बघत होती, अगदी शांतपणे. तिला काही बोलायची गरजच नव्हती.

खरं सांगायचं म्हणजे उत्तरेपासून सांगायला लागणार. सासूच्या डोळ्यांत धूळ टाकून, शब्द मोडून, रोज दुपारी पोराला मड्यासारखं निजवलं, हे शालूबाईंच्या समोर सांगायला लागणार. मग अमरेशला उद्या साधा ताप आला, गुडघा फुटला, दहावीला नापास झाला, तरी ते उत्तरेमुळंच झालं असणार आणि तिनं केलं असणार. शिवकुमार ताटावरून मान वर करणार नाही. स्नेहलला एकटीला गाठून मागाहून सांगावं, तर ती आईला सांगितल्याशिवाय राहायची नाही, आणि शालूबाई ते रत्नव्वांपर्यंत पोचवल्याशिवाय राहायच्या नाहीत. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्याला हे सगळं इतकं चटकन सुचतंय याची तिला घाण वाटली.

"व्हय," ती म्हणाली. "त्यांनीच केलं."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण स्नेहल अजून बघत होती, आणि दानेश्वरीच्या तोंडून आणखी बाहेर पडलं, "हात हलका हाय त्यांचा. पोराला कळतसुद्धा न्हाय."

स्नेहलच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "तुम्ही म्हणताय म्हंजे झालं, वैनी," ती म्हणाली, आणि तिनं दुपटं सोडून मुलगी चिमणाबाईच्या पायांवर ठेवली.

दानेश्वरी अमरेशला घेऊन मधल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. तिला स्वतःच्या तोंडाची किळस आली. चूळ भरावीशी वाटली, पण पाणी मोरीत होतं आणि मोरीत जायचं तर त्या बायकांमधून जावं लागलं असतं. बाहेर स्नेहलची मुलगी रडायला लागली, आणि मग श्वास अडकल्यासारखी थांबली, आणि पुन्हा रडायला लागली. "आई, लई रडतीया गं ती," स्नेहल म्हणत होती. शालूबाई तिला समजावत होत्या, "रडू दे. दानूनं सांगितलं न्हवं, कळत न्हाय त्यास्नी."